जुन्या पिस्तुलांचे जुने संदर्भग्रंथ: नव्या संग्राहकाने ते कसे वाचावेत

सातारा-सांगली भागात जुने पिस्तूल माणसाच्या हाती येते ते बहुधा विकत घेऊन नव्हे, तर वाड्याच्या वाटणीत, माळ्यावरच्या पेटीत किंवा एखाद्या नातेवाइकाने विश्वासाने दाखवायला काढल्यावर. त्याबरोबर एक कथाही येते, आणि कथा खरी की खोटी हे ठरवण्यासाठी नवा संग्राहक पुस्तकाकडे वळतो. जाड बांधणीचे, पिवळ्या पानांचे, इंग्रजी नावाचे पुस्तक समोर आले की त्यातला प्रत्येक शब्द प्रमाण मानण्याचा मोह होतो. मी स्वतः या मोहाला बळी पडलो आहे आणि ती हकीकत पुढे सांगणारच आहे. जुना संदर्भग्रंथ टाकाऊ नसतो, मात्र त्यातले प्रत्येक विधान सारख्याच वजनाचे नसते, आणि कोणत्या विधानाला किती वजन द्यायचे हे शिकण्याचा एक क्रम आहे. तो क्रम येथे मांडत आहे.

सर्वांत आधी: कायदा आणि सुरक्षितता

पुस्तक उघडण्यापूर्वी ही गोष्ट निकालात काढावी. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडकळीस आलेल्या हत्यारांना सूट आहे, परंतु ती केवळ जुनेपणामुळे मिळत नाही. ते हत्यार दुरुस्ती करून अथवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, अशी अट आहे. आपल्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरण्याच्या, बंदुका आजही शेतकऱ्यांकडे असतात, हे लक्षात घेतले तर ‘ठासणीचे म्हणजे शोभेचे’ हा समज किती चुकीचा आहे ते कळेल. आपले पिस्तूल सवलतीत बसते की नाही हे आपण किंवा आपल्या पुस्तकाने ठरवायचे नसते. जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, हेही ध्यानात असावे.

दुसरे, ठासणीचे हत्यार भरलेले असू शकते. नळीचे तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून दूर ठेवून एक बारीक लाकडी काठी हलकेच आत सोडावी, तोंडापाशी खूण करावी आणि काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून धरून पाहावी. काठीचे टोक कानाच्या, म्हणजे नळीच्या बुडाशी दारू पेटवण्यासाठी असलेल्या, छिद्रापर्यंत पोहोचत नसेल, तर आत काहीतरी आहे असे समजून तेथेच थांबावे आणि जाणकाराला बोलवावे.

पहिली पायरी: पुस्तकाआधी वस्तू वाचा

ही पायरी जवळजवळ प्रत्येक जण गाळतो. पुस्तक आधी पाहिले की डोळ्यांना पुस्तकातलेच दिसू लागते, म्हणून वहीचे डावे पान वस्तूसाठी आणि उजवे पान पुस्तकासाठी राखून ठेवावे आणि डावे पान पूर्ण भरेपर्यंत पुस्तक कपाटातच असू द्यावे. डाव्या पानावर फक्त दिसते ते लिहायचे: एकूण लांबी, नळीची लांबी, नळीच्या तोंडाचा आतला व्यास, लाकडाचा रंग, प्रत्येक अक्षर जसे कोरले आहे तसे, अगदी स्पेलिंगच्या चुकीसकट. व्यास मोजायला साधा व्हर्नियर कॅलिपर पुरतो. जुन्या ग्रंथांत हे माप ‘बोअर’ मध्ये दिलेले असते, म्हणजे एका पौंड शिशाच्या किती सारख्या गोळ्या होतात त्यावरून. १६ बोअर म्हणजे सुमारे १६.८ मिलिमीटर आणि ५४ बोअर म्हणजे सुमारे ११.२ मिलिमीटर. गंजाने आणि झिजेने नळी थोडी मोठी झालेली असते, तेव्हा अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये.

ठसे वाचण्यासाठी विजेरी समोरून नव्हे तर जवळजवळ आडवी धरावी. एरवी न दिसणारी अक्षरे सावलीने उठून दिसतात. चिंच, राखुंडी, ब्रासो यांपैकी काहीही लावू नये. पितळी समई लखलखीत करण्याची आपल्या घरांतली सवय चांगलीच आहे, पण पिस्तुलावर तीच सवय ठशांच्या कडा खाऊन टाकते आणि मग कोणताही ग्रंथ उपयोगी पडत नाही.

याच टप्प्यावर बदलाच्या खुणाही शोधाव्यात. चकमकीची अनेक पिस्तुले पुढे केपाची, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या टोपीची, करून घेतली गेली. अलेक्झांडर फोरसाइथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट १८०७ मध्ये घेतले, तांब्याच्या टोप्या १८२० च्या दशकात रुळल्या आणि त्यानंतर लोकांनी जुनी हत्यारे टाकून न देता बदलून घेतली. अशा पिस्तुलाच्या लॉकच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या कळीच्या, पट्टीवर रंजकाची (पेटवणीच्या दारूची) वाटी व गार आपटण्याचे पोलादी पाते जिथे बसवलेले होते, तिथली बुजवलेली छिद्रे आडव्या प्रकाशात गोल डागांसारखी दिसतात. जुन्या सूचीत तुमचे पिस्तूल ‘केपाचे, अमुक साल’ म्हणून आढळले आणि हे गोल डाग मात्र तुमच्या नजरेतून सुटले, तर सालाची एक पिढी चुकते.

दुसरी पायरी: पुस्तकाचे वय नक्की करा

मुखपृष्ठावरील किंवा विक्रेत्याने सांगितलेले साल हे पुस्तकाचे वय नव्हे. जुने शस्त्रग्रंथ वारंवार पुनर्मुद्रित होतात, कागद पांढराशुभ्र असतो, आणि आतला मजकूर मात्र शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा तसाच असतो. भारतीय शस्त्रांवरील लॉर्ड एगर्टन यांचे सचित्र पुस्तक १८८० चे, त्याची वाढवलेली आवृत्ती १८९६ ची. जॉर्ज कॅमेरॉन स्टोन यांचा जगभरच्या शस्त्रांचा कोश १९३४ चा. दोन्ही आजही नव्या छपाईत मिळतात. म्हणून मुद्रणपृष्ठ वाचल्यावर मूळ प्रस्तावना वाचावी आणि एकच प्रश्न विचारावा: लेखकाने हे लिहिले तेव्हा त्याच्यासमोर काय होते? एगर्टन यांच्यासमोर लंडनच्या इंडिया म्युझियममधील संग्रह होता, म्हणून समोरच्या वस्तूचे वर्णन करताना ते भरवशाचे आहेत. पण वस्तू कोणत्या गावची, कोणत्या काळची, तिला तिथले लोक काय म्हणत, हे सांगताना ते ऐकीव माहितीवर चालतात. स्टोन स्वतः मोठे संग्राहक होते, मात्र साऱ्या जगाचा कोश लिहिणाऱ्याला प्रत्येक प्रांताला दोनचार ओळींपलीकडे देता येत नाही.

याउलट डेव्हिड हार्डिंग यांचा ईस्ट इंडिया कंपनीच्या लहान शस्त्रांवरील चार खंडांचा ग्रंथ १९९७ ते १९९९ या काळात आला आणि तो कंपनीच्या कागदपत्रांवर उभा आहे. आपल्या भागात निघणाऱ्या लष्करी पिस्तुलांपुरता हा फरक फार मोठा आहे, कारण त्याआधीच्या लेखकांना बराच भाग वस्तूंवरून तर्काने लिहावा लागत होता.

तिसरी पायरी: विधानांची प्रतवारी लावा

एकाच पुस्तकात चार-पाच प्रकारची विधाने असतात आणि त्यांची विश्वासार्हता वेगवेगळी असते. हा या लेखाचा गाभा असल्याने येथे थोडे थांबतो.

मोजमापे आणि वर्णने सर्वांत टिकाऊ. १९०० साली कोणी नळीची लांबी नीट मोजली असेल, तर ती आजही तेवढीच आहे.

चित्रे त्याखालोखाल, पण एक सावधगिरी हवी. कोरीव चित्र छापताना किंवा छायाचित्राची काच उलटी लागल्याने डावे-उजवे बदलू शकते. एकेरी पिस्तुलाचे लॉक सहसा उजव्या अंगाला असते. ते चित्रात डावीकडे दिसले, तर डावखुऱ्या सरदाराची कथा रचण्याआधी त्याच चित्रातली अक्षरे उलटी आहेत का ते पाहावे.

नावे बरीच फसवी. इंग्रजी संग्राहक ज्याला ‘क्वीन ॲन’ पिस्तूल म्हणतात, त्या प्रकारची पिस्तुले ॲन राणीच्या १७०२ ते १७१४ या कारकिर्दीनंतर कित्येक दशके बनत राहिली. नाव घडणीला पडले, काळाला नव्हे. भारतीय नावांच्या बाबतीत मात्र आपण मराठी वाचक नशीबवान आहोत. इंग्रजी ग्रंथांत ‘तोरादार’ हा शब्द एखाद्या खास जातीच्या हत्यारासारखा येतो, तर आपल्याला तोडा म्हणजे पेटती वात हे ठाऊक असल्याने तोडेदार म्हणजे साधी तोड्याची बंदूक हे क्षणात उमगते. जामगी, रंजक, कान, गज हे शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून माहीत असतात. पुस्तकातला विचित्र शब्द एकदा मोठ्याने वाचून त्यांना ऐकवावा.

कारागिरांची साले ही सर्वांत जास्त चुका घडवणारी गोष्ट. जुन्या सूचीत नावापुढे ‘१७८९–१८३५’ असे दोन आकडे असतात, आणि वाचक समजतो की दुकान तेवढी वर्षे एकसारखे चालले. जोसेफ मँटन या लंडनच्या बंदूककाराचेच उदाहरण घ्या. १७८९ च्या सुमारास त्याने स्वतंत्र धंदा सुरू केला आणि १८३५ मध्ये तो वारला, हे खरे. पण मध्ये १८२६ साली तो दिवाळखोर झाला, ही गोष्ट त्या दोन आकड्यांत मावत नाही. शिवाय त्याच घराण्यातल्या एकाने कोलकात्यात दुकान काढले आणि ‘मँटन’ हे नाव तिथे विसाव्या शतकातही दुकानाच्या पाटीवर होते. त्यात भर म्हणजे या नावाला इतकी किंमत होती की त्या काळीच स्वस्त मालावर ते खोटे कोरले जात असे. एकट्या नावावरून काळ ठरवू नये. नावाबरोबर रस्त्याचा पत्ता कोरलेला असेल तर तो अधिक बोलका, कारण दुकाने जागा बदलत आणि तो बदल कागदोपत्री सापडतो. हॉवर्ड ब्लॅकमोर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लंडनच्या बंदूककारांच्या कोशासारख्या, मूळ नोंदींवर आधारलेल्या सूचींचे मोल येथे कळते.

किमती तर वाचूच नयेत. परदेशातल्या, दुसऱ्या काळातल्या आणि दुसऱ्या कायद्याखालच्या बाजाराचे ते आकडे आपल्या उपयोगाचे नाहीत.

चौथी पायरी: ठशांना अखेरचा शब्द द्या, पण ठशांचा तक्ता तपासून घ्या

आता माझी हकीकत. बऱ्याच वर्षांपूर्वी वाईजवळच्या एका वाड्यात मला एक छोटे पिस्तूल पाहायला मिळाले: मध्यभागी घोडा, फिरवून सुटणारी नळी, कळीच्या एका बाजूला कारागिराचे नाव आणि दुसऱ्या बाजूला ‘लंडन’. घरातले काका म्हणाले, “आमच्या पूर्वजांनी हे खर्ड्याहून आणलेले आहे.” खर्ड्याची लढाई १७९५ ची. मी घरी येऊन माझ्याकडचा एक जुना ग्रंथ उघडला, त्या नावापुढे अठराव्या शतकाच्या अखेरची साले दिसली, आणि मी आनंदाने काकांना कळवून टाकले की कथा आणि पुस्तक दोन्ही जुळतात. काकांनी तेवढ्यावर सुंदर अक्षरात एक चिठ्ठी लिहून पिस्तुलाच्या पेटीत ठेवली.

दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा नळी सोडवून तिच्या बुडाशी पाहण्याची बुद्धी झाली. तिथे मुकुट, त्याखाली फुलीसारखे दोन राजदंड आणि त्यांच्या बेचक्यांत ‘बी’, ‘पी’, ‘सी’ ही अक्षरे होती. हा बर्मिंगहॅमच्या अधिकृत चाचणीगृहाचा, म्हणजे नळी दारूचा जोर सोसते का हे तपासणाऱ्या संस्थेचा, ठसा, आणि ते चाचणीगृह स्थापन झाले १८१३ मध्ये. म्हणजे पिस्तूल खर्ड्यानंतर किमान अठरा वर्षांनी कसोटीला लागले, आणि ‘लंडन’ ही अक्षरे बहुधा माल खपवण्यासाठी कोरलेली, कारण बर्मिंगहॅमच्या मालावर राजधानीचे नाव टाकण्याची रीत सर्रास होती. मी पुस्तकाला दोष देत नाही. त्याने एका कारागिराची साले दिली होती, त्या पिस्तुलाची नव्हे. काकांना सांगायला गेलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “अहो, पुस्तकात आहे म्हणून तुम्हीच तर सांगितलंत.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

या प्रसंगात घराण्याची कथा आणि ग्रंथातले साल एकमेकांना आधार देत आहेत असे मला वाटले, प्रत्यक्षात दोघांपैकी एकानेही ती वस्तू तपासलेली नव्हती. ठसा मात्र वस्तूवरच मारलेला असतो.

तरीही ठशांचे जुने तक्ते डोळे झाकून वापरू नयेत. लंडनच्या बंदूककार मंडळाला सनद मिळाली १६३७ मध्ये, बर्मिंगहॅमला अधिकृत चाचणी आली १८१३ मध्ये. पण त्याआधीही बर्मिंगहॅममध्ये खासगी ठसे वापरात होते आणि त्यांतले काही नंतरच्या अधिकृत ठशांशी मिळतेजुळते आहेत. ‘राजदंडांची फुली दिसली की १८१३ नंतरचे’ असे सांगणारा संक्षिप्त तक्ता येथे फसवतो, म्हणून अक्षरे वाचणे आवश्यक. बेल्जियममधील लिएजचा लंबगोलातील ‘ईएलजी’ हा ठसा आपल्याकडच्या रिव्हॉल्व्हरांवर पुष्कळ दिसतो. त्यावर मुकुट असेल तर तो १८९३ नंतरचा. आणखी एक गोष्ट: लंडनचा चाचणीठसा म्हणजे लंडनची घडण नव्हे, कारण बाहेरून विक्रीला आलेली हत्यारेही तिथे तपासली जात.

कंपनी सरकारच्या पिस्तुलांवर लॉकच्या पट्टीवर दोन प्रकारच्या खुणा आढळतात: आधीच्या काळात चार भागांचे हृदय आणि त्यात कंपनीची आद्याक्षरे, आणि १८०८ पासून पुढे मागच्या पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह. वायव्य सरहद्दीकडच्या कारागिरांनी या खुणांच्या नकला केल्या आहेत. अक्षरे उलटी, साल अशक्य किंवा सिंह मांजरासारखा दिसला तर शंका घ्यावी.

पाचवी पायरी: सहमतीची मुळे शोधा

तीन पुस्तके एकच साल सांगतात म्हणजे तीन साक्षीदार झाले असे नव्हे. दुसऱ्याने पहिल्याचे आणि तिसऱ्याने दुसऱ्याचे उचललेले असू शकते. ओळखण्याची खूण सोपी आहे: तिघांतही नावाच्या स्पेलिंगची तीच चूक, तेच चित्र, तेच गोल साल. अशी तिन्ही पुस्तके एकाच साक्षीदाराची धरावीत.

याचीच दुसरी, अधिक त्रासदायक बाजू अशी की बनावट करणाराही हीच पुस्तके वाचतो. जुन्या ग्रंथातली चूक एखाद्या पिस्तुलावर जशीच्या तशी कोरलेली आढळली, तर त्या ग्रंथाच्या आधीचे ते कोरीव काम असण्याची शक्यता फार कमी. अशा वेळी जुने चुकीचे पुस्तक नव्या अचूक पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडते, म्हणून मी जुने ग्रंथ काढून टाकण्याच्या विरुद्ध आहे.

सहावी पायरी: अनुक्रमांकांचे तक्ते

हे रिव्हॉल्व्हरांपुरतेच. कोल्ट कंपनीच्या केपाच्या रिव्हॉल्व्हरांचे क्रमांक आणि वर्षे दाखवणारे तक्ते सर्वत्र आढळतात, पण हार्टफर्डच्या कारखान्याला फेब्रुवारी १८६४ मध्ये मोठी आग लागली होती हे ठाऊक असले म्हणजे त्या आधीच्या आकड्यांकडे अंदाज म्हणूनच पाहावे हे आपोआप सुचते. तक्त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे नळी, चौकट, फिरते कोठार आणि चापाभोवतीची कमान यांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळतात का ते पाहणे. न जुळणाऱ्या भागांच्या हत्याराला एकच साल देताच येत नाही.

सातवी पायरी: स्थानिक कागदांतही तीच काळजी

वस्तू आपल्या भागात कशी आली हे शोधताना आपण गॅझेटियर, संस्थानी दप्तरे आणि घरगुती टिपणे पाहतो. येथे एक ठरलेली गफलत होते. १८८५ च्या इंग्रजी गॅझेटियरमधला सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके त्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. ‘सातारा जिल्ह्यात सापडलेले’ असे जुने टिपण म्हणजे सातारा शहराचे किंवा छत्रपतींच्या घराण्याचे असे नव्हे. ते इस्लामपूरच्या बाजूचेही असू शकते. तसेच सातारचे राज्य १८४८ मध्ये इंग्रजांनी खालसा केल्यावर तिथे त्यांचाच अंमल आला आणि १८७८ चा शस्त्रकायदा लागू झाला, तर सांगली संस्थान १९४८ च्या मार्चमध्ये विलीन होईपर्यंत वेगळ्या कारभाराखाली राहिले. त्यामुळे शस्त्रांच्या नोंदी कुठे शोधायच्या हेही दोन्हीकडे सारखे नाही.

ग्रंथ कुठे पाहावेत, हा प्रश्न सांगलीकर मला नेहमी विचारतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयाची कितीतरी पुस्तके पाण्यात गेली, तेव्हापासून माझा सल्ला असा की दुर्मीळ ग्रंथाचे जे पान आपल्याला लागते त्याचा फोटो आणि त्याच्या मुद्रणपृष्ठाचा फोटो, असे दोन्ही एकत्र काढून ठेवावेत. मुद्रणपृष्ठाशिवायचे पान म्हणजे आगापिछा नसलेली साक्ष.

शेवटची पायरी: नोंदचिठ्ठी

चिठ्ठीवर तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहाव्यात: वस्तूवर काय दिसते, कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या आवृत्तीत काय म्हटले आहे, आणि आपला अंदाज. तिसरी ओळ पेन्सिलने, तारखेसह. खोडरबर वापरू नये. चुकीच्या अंदाजावर एक रेघ मारून खाली नवा अंदाज लिहावा, म्हणजे पुढच्याला आपण कुठे घसरलो ते दिसेल.

वाईच्या त्या पेटीत काकांची जुनी चिठ्ठी अजून आहे, ती त्यांनी काढू दिली नाही. तिच्यामागे मी दुसरी लावली आहे: “नळीच्या बुडाशी बर्मिंगहॅमचा चाचणीठसा, म्हणून १८१३ नंतरचे. कळीवर ‘लंडन’. घराण्यात खर्ड्याची परंपरा सांगितली जाते. नळी आणि कळ मूळची एकत्र आहेत का, हे तपासायचे राहिले आहे.”